खिशात मावणारा कॅमेरा

माझ्या पहिल्या कॅमेऱ्याविषयी गल्लीत कोणी कधी चांगला शब्द काढला नाही. लाकडी पेटी, पितळी कोपरे, पुढे भाता, खाली तीन पायांचे तिकाटणे आणि वर काळे फडके, असा तो सगळा संसार. गाव सोडून चाललेल्या एका स्टुडिओवाल्याकडून मी तो जुनाच घेतला होता. मी सोलापुरातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. पोरांकडून घागरी आणि वांगी काढून घेण्यात दिवस जायचा, पण आपल्या हातून एखादी गोष्ट जशीच्या तशी उमटावी ही हौस काही केल्या मरत नव्हती. म्हणून हे लचांड गळ्यात बांधून घेतले.

हौस होती जिवंत माणसांचे फोटो काढायची. नशिबी आली मयते. तेव्हा आमच्यासारख्या घरांत जिवंतपणी फोटो काढून घ्यायचे कोणाच्या मनातही येत नसे. फोटोने आयुष्य घटते असे म्हातारी माणसे म्हणायची, तरुण त्यांना हसायचे, पण हसणारेही पुढे येऊन बसत नसत. माणूस गेला की मात्र घरच्यांच्या ध्यानात यायचे की ह्याचे आपल्याजवळ काहीच नाही. मग धावत माझ्याकडे. मयताला भिंतीशी टेकवून बसवायचे, डोक्याला पटका बांधायचा, दोन्ही अंगांनी घरची माणसे उभी राहायची आणि मी फडक्याखाली डोके घालायचो. माझ्या काचेवर चित्र उमटायला वेळ लागे. तेवढ्या वेळात रडणारी माणसे हालायची आणि फोटोत पुसट व्हायची. स्वच्छ यायचा तो एकटा गेलेला माणूस. त्याच्याइतके शहाण्यासारखे माझ्यापुढे दुसरे कोणी बसले नाही.

पुढे पुढे असे झाले की तिकाटणे खांद्यावर टाकून मी गल्लीतून निघालो की बायका दारातूनच विचारायच्या, कोण गेलं म्हणून. एकदा मी नुसता तलावाकडे चाललो होतो, पाण्यातल्या देवळाचे चित्र घ्यायला. तर दोघेजण टोप्या काढून माझ्यामागून मुकाट्याने चालत आले. कोणी गेलेले नाही म्हटल्यावर त्यांना माझाच राग आला.

घरात आम्ही चौघे. वडील मोहोळकडची कोरडवाहू जमीन भावाच्या हवाली करून तरुणपणीच सोलापुरात आले आणि गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, झाले. मी सांगतो त्या वेळी ते काम सोडून घरी बसले होते. पण सकाळचा भोंगा झाला की अंथरुणावर उठून बसत आणि मग कुठे जायचे नाही हे आठवून पुन्हा आडवे होत. आई होती. आणि माझी बायको होती, मंगळवेढ्याकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी.

आमच्या घराची रीत आजच्या पोरांना सांगितली तर खोटी वाटेल. दिवसाउजेडी नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचे नाही. एका जागी उभे राहायचे नाही. वडील समोर असले तर तिने पदर पुढे ओढून मान खाली घालायची, आणि मी त्या दिशेला बघायचे नाही. ती मला पाणी द्यायची ते आईच्या हातून. मला भाकरी हवी असली तर मी आईला सांगायचो, आणि चुलीपाशी बसलेल्या तिला ते ऐकू गेलेले असले तरी आई पुन्हा सांगायची. वडील रागीट होते असे नाही. त्यांनी मला कधी बोट लावले नाही. पण ह्या गोष्टी कोणी कोणाला शिकवत नाही, त्या घरातच असतात. दिवेलागण झाली, जेवणे झाली, वडील सोप्यात आडवे झाले, की आतल्या खोलीत कंदिलाच्या उजेडात आमचा संसार सुरू व्हायचा. तिथे ती चांगली बोलायची. माझ्या नकला करायची. शाळेत मी पोरांवर कसा ओरडत असेन ते करून दाखवायची, आणि वर तोंडावर हात धरून स्वतःच हसायची.

असे आमचे सहा-सात वर्षे चालले होते, आणि त्यात काही कमी आहे हे मला कळलेही नव्हते. मग एकदा ती माहेरी गेली आणि तिला आणायला मी मोटारीच्या अड्ड्यावर गेलो. मंगळवेढ्याची सर्व्हिस मोटार दुपारी आली. टपावर ज्वारीची पोती, आत कोंबून भरलेली माणसे. एकेक उतरू लागला. एक बाई उतरून उन्हात उभी राहिली, पदर मागे पडलेला, मोटार लागून तोंड उतरलेले, आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती. परक्या बाईकडे काय बघायचे म्हणून मी मान वळवली. तेव्हा ती हसली, आणि हसण्यावरून मी ओळखली.

माझ्या बायकोचे डोळे काळे आहेत अशी माझी समजूत होती. ते काळे नव्हते. उन्हात ते मधासारखे दिसत होते. कंदिलाच्या उजेडात सगळ्यांचेच डोळे काळे. तिच्या नाकावर आणि गालांवर बारीक ठिपके होते, तेही मला माहीत नव्हते. सात वर्षे! मी माणसांचे चेहरे बघून काढायला शिकवतो म्हणून पगार घेत होतो. टांग्यात ती पुढे, तिला पोचवायला आलेल्या भावाशेजारी बसली, मी मागे, आणि घर येईपर्यंत मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखे झाले होते.

त्याच रात्री मी तिला म्हणालो की मला तुझा फोटो काढायचा आहे, दिवसाचा, उन्हातला. ती आधी हसली. मग कोपऱ्यातल्या पेटीकडे बघून एकदम गंभीर झाली.

"त्या पेटीपुढं मी बसणार न्हाय," ती म्हणाली. "आपल्या गल्लीतली सगळी मेलेली माणसं त्यात बसून गेल्यात. त्येंच्या रांगंत मला कशाला बसवता?"

मी तिला काच, काचेवरचा मसाला, उजेड वगैरे समजावून सांगितले. ती शांतपणे ऐकून घेत होती, लहान पोराचे ऐकावे तशी. मग म्हणाली, दुसरा आणा, मग बसते. एवढेच नाही, तो फोटो मलाही पाहिजे, म्हणाली. आपण कशा दिसतो हे तिलाही नीट ठाऊक नव्हते. आमच्या घरात आरसा होता तो वडिलांच्या दाढीचा, वीतभर, आणि कानाकोपऱ्यात पारा उडालेला.

चाटी गल्लीच्या पलीकडे एका मुसलमान गृहस्थाचे दुकान होते. घड्याळे, चष्मे आणि एका काचेच्या कपाटात कॅमेरे. माझ्या काचा मी त्यांच्याकडूनच घेत असे. जुनी पेटी घ्या आणि बदल्यात नवीन काहीतरी द्या, असे मी म्हटल्यावर त्यांनी पेटीकडे न बघता माझ्याकडे बघितले. इतकी वर्षे सांभाळलेली चीज का काढताय, त्यांनी विचारले. मी म्हटले, मला असा हवा की जो कोणाला दिसणार नाही.

त्यांनी दोन कॅमेरे काढून गल्ल्यावर ठेवले. दोन्ही घडीचे. मिटले की चपटी पेटी, उघडले की पुढची फळी खाली पडते आणि काळ्या कातड्याचा भाता पुढे सरकतो. दोन्हींत काचेऐवजी कागदात गुंडाळलेला रोल बसायचा, एका रोलात आठ फोटो. तिकाटणे नको, फडके नको. माझे डोळेच फिरले.

त्यातला पहिला जरा मोठा होता. पोथीएवढा जाड, वजनदार, आणि पुढची भिंगाची काच अशी मोठी की तिच्यात दुकान सगळे दिसत होते. ह्याला सावलीतही दिसते, दुकानदार म्हणाले. दारातला उजेड असला, पडवीतला उजेड असला, तरी हा माणसाचा चेहरा धरतो. पण कोटाच्या कुठल्याही खिशात तो जाईना. अर्धा बाहेरच राहायचा.

दुसरा तंबाखूच्या डबीपेक्षा थोडा मोठा. मिटून खिशात टाकला की वरून हात फिरवला तरी कळायचे नाही. त्याच्या डोक्यावर एक बारीक चौकोनी काच होती. तो पोटाशी धरून खाली त्या काचेत बघायचे आणि खटका दाबायचा. समोरच्याला वाटावे की गृहस्थ घड्याळ बघतोय. पण त्याचे भिंग मुगाच्या दाण्याएवढे. त्याला कडक ऊन पाहिजे. ऊन म्हणजे ऊन, सावली चालायची नाही.

मी दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर आलो. समोर टांगे उभे होते. मोठा डोळ्याशी लावला तेव्हा टांगेवाल्याने लगेच पटका सावरला आणि घोड्यापुढे येऊन उभा राहिला. लहान पोटाशी धरला तेव्हा त्याने ढुंकूनही बघितले नाही. मग मी आत येऊन दोन्हींचा खटका कानाशी लावून ऐकला. लहानाचा आवाज कमी होता.

"क्या मास्तर," दुकानदार हसले, "फोटो निकालना है या चोरी करनी है?"

मी दोन्ही कॅमेरे मिटून गल्ल्यावर ठेवले. मला स्वतःलाच नीट सांगता आले नसते. आतल्या घरात उजेड कसा असतो ते मला ठाऊक होते. चूल अंधारात, माजघर अंधारात, ऊन पडायचे ते फक्त परसात आडापाशी आणि वर माळवदावर. आपल्याला सावलीत बघणारा डोळा पाहिजे हे मला दिसत होते. आणि तो हातात धरून मी परसात उभा राहिलो आहे, वडील सोप्यातून बघत आहेत, हेही दिसत होते. मी म्हटले, घरी विचारून येतो. मास्तर माणसाने कॅमेरा घ्यायला घरी विचारायचे, ह्याचे त्यांना नवल वाटले असावे.

तिला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती नीट ऐकून घेणारी बाई होती. मोठा केवढा, लहान केवढा, हाताने दाखवायला लावले. मोठा उघडला की काय काय होते ते विचारले. तिने फार वेळ लावला नाही.

"ल्हानच घ्या," ती म्हणाली. "मामंजींस्नी दिसला तर मला ह्या घरात तोंड वर करायला जागा राहायची न्हाय. उन्हाचं मी बघते. ऊन काय, हितं पाहिजे तेवढं हाय की."

सोलापुरात उन्हाला तोटा नाही हे खरेच होते. दुसऱ्या दिवशी मी जुनी पेटी, तिकाटणे, फडके, उरलेल्या काचा, सगळे देऊन टाकले आणि लहान कॅमेरा घेऊन आलो. तिने माझ्या कोटाला आतून त्याच्या मापाचा खिसा शिवला. वडिलांना दिसणार नाही असा कॅमेरा आम्ही दोघांनी मिळून निवडला. तिला बघू शकेल असा निवडायचा होता, हे त्या आनंदात दोघांच्याही लक्षात आले नाही.

मला सुट्टी रविवारी. रविवारी दुपारी जेवण झाले की वडील सोप्यात भिंतीकडे तोंड करून निजायचे. त्यांना जाग येईल ह्या धास्तीने आम्ही मांजराच्या पावलाने वावरायचो. पहिल्या रविवारी ती आडावर पाणी ओढायला गेली. मी माजघराच्या दारात उभा राहिलो, कॅमेरा पोटाशी धरून. त्या बारीक काचेत उजवे डावीकडे दिसते आणि डावे उजवीकडे. त्यात ती ज्वारीच्या दाण्याएवढी दिसत होती. आता वर बघ, वर बघ, असे मी मनात म्हणत होतो. तिला ठाऊक होते मी तिथे आहे. तिलाच फोटो पाहिजे होता. आणि तरी तिने मान वर केली ती माझ्याकडे पाठ करून. आई परसात आली. मी कॅमेरा मिटून खिशात टाकला आणि उगाच घंगाळात हात धुतले.

मग रात्री ती स्वतःवरच चिडली. म्हणाली, मी ठरवून गेले होते की बघायचे म्हणून, पण दिवसाची तुमची नजर पडली की मान आपोआप फिरते, मी तरी काय करू. मलाही ते समजत होते. माझीही मान तशीच फिरायची. सात वर्षांची सवय होती.

पुढे उन्हाळ्याची कामे निघाली. शेवया, कुरडया, सांडगे वाळत घालायला ती माळवदावर जायची. तिथे ऊन असे की उघड्या पायाने उभे राहवत नसे. माळवद मला सोईचे वाटले, कारण सोप्यातून ते दिसत नव्हते. पण आमच्या माळवदाला लागून शेजारचे, त्याला लागून त्याच्या पुढचे, आणि प्रत्येकावर बायका. मी वर गेलो की त्या पदर सावरून एकमेकींकडे बघायच्या, आणि माझी बायको सुपाशी आणखी वाकायची. तरी मी खटका दाबत राहिलो. असे तीन-चार रविवार गेले आणि रोल संपला.

न्हाणीघराच्या झरोक्याला घोंगडे लावून मी तो रोल धुतला. पाणी इतके तापलेले होते की मसाला वितळून जाईल अशी भीती वाटली, म्हणून माठातले पाणी वापरले आणि आईची बोलणी खाल्ली. वाळल्यावर उन्हात कागद धरून फोटो छापले. आठ होते. आड आला होता, दोर आला होता. शेवयांची खाट अशी सुरेख आली होती की एकेक शेवई मोजून घ्यावी. तिची पाठ आली होती, हात आला होता, एकात नुसते उडालेले लुगडे. एकच फोटो असा की तिने खरोखर माझ्याकडे तोंड केले होते. पण ऊन डोक्यावरचे आणि पदर कपाळावर. पदराखाली जिथे चेहरा असायला हवा तिथे काळा डाग होता.

तिने कंदिलाजवळ धरून सगळे बघितले. पाठ बघून म्हणाली, ही बाई बरीच कामसू दिसते. काळ्या डागाच्या फोटोकडे जास्त वेळ बघत राहिली. मी म्हटले, चूक माझी आहे, सावलीत दिसणारा घ्यायला हवा होता, अजून बदलून आणतो. ती नको म्हणाली. पुढल्या खेपेला मी पदर मागे घेईन, कोणी बघितले तर बघू दे, म्हणाली. ते तिने अशा आवाजात म्हटले की मला तिचे कौतुकही वाटले आणि दुःखही झाले. एका फोटोपायी माणसाला इतका निश्चय करावा लागावा, हे काय जगणे झाले?

पुढली खेप आलीच नाही. मी दुसरा रोल आणून कॅमेऱ्यात भरून ठेवला. तिला तेव्हाच खोकला लागला होता. शेवयांचे पीठ घशात गेले असेल, असे आई म्हणाली. मग ताप येऊ लागला, संध्याकाळचा. काढे झाले, अंगारे झाले. डॉक्टरकडे नेले तेव्हा उशीर झाला होता, असे त्याने तोंडावर सांगितले नाही, पण क्षय म्हणाला आणि औषध फारसे दिले नाही. हवा आणि ऊन द्या, म्हणाला. आतल्या खोलीत ठेवू नका.

मग वडिलांनी स्वतः परसात छपरी उभारली. तीन बाजूंनी मोकळी, वर तुराट्या. तिची खाट तिथे नेली. भांडी वेगळी झाली. आई दिवसभर तिचे करून दमायची, म्हणून शाळेतून आलो की मी जाऊन बसायचो. रविवारी सबंध दिवस बसायचो. कोणी काही बोलले नाही. सात वर्षे जे चालत नव्हते ते आता बिनबोभाट चालू लागले. दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत, मी माझ्या बायकोच्या खाटेशी बसत होतो आणि तिच्याशी बोलत होतो. सकाळचे तिरपे ऊन तिच्या तोंडावर पडायचे. पदर डोक्यावर ठेवायचे त्राण तिच्यात उरले नव्हते. माझा कॅमेरा ज्या उजेडासाठी अडून बसला होता तो सगळा उजेड तिथे होता.

एका सकाळी मी कॅमेरा काढला आणि उघडला. तिने भात्याचा आवाज ओळखला.

"आता नगं," ती म्हणाली.

मी म्हटले, तूच तर म्हणाली होतीस.

"तवा मी येगळी हुते. आता काढला तर हीच ऱ्हाईल. तुमास्नीबी मग हीच आठवंल." ती थांबून धाप घेत होती. "मी गेल्यावरबी काढू द्यायचा न्हाय. तुमी नुस्तं बघा. बघितलेलं चालतंय."

मी कॅमेरा मिटला. मला तिचा राग आला होता, हे खरेच सांगतो. मला वाटले, ही मला काहीच ठेवू देत नाही. मग तिच्याकडे बघितले आणि राग टिकला नाही. तिच्या गालांची हाडे वर आली होती, ओठ सुकून काळे पडले होते, आणि मोटारीतून उतरलेली ती बाई मला आठवून आठवूनही त्या चेहऱ्यात सापडेना. नुसते बघा, ती म्हणाली होती. पण आजाऱ्याकडे आपण कुठे बघतो? ताप बघतो, थुंकी बघतो, रंग उतरला का ते बघतो. चार महिने मी तिच्याजवळ बसलो आणि तिच्याकडे बघायचे टाळत बसलो.

ती गेली तेव्हा सकाळ होती. गल्लीतल्या बायका जमल्या. अहेवपणी गेली म्हणून तिला न्हाऊ घातले, हिरवे लुगडे नेसवले, हिरवा चुडा भरला, कपाळभर मळवट भरला, ओटी भरली. परसात छपरीच्या बाहेर, उघड्यावर, उभ्या केलेल्या खाटेला टेकवून तिला बसती केली. हे कशासाठी चालले आहे ते मला कळले. मीच गल्लीला ही सवय लावली होती.

आई जवळ येऊन म्हणाली की हिचा एक फोटो काढ, भिंतीला लावायला घरात काही नाही. मी म्हटले, कॅमेरा कुठे आहे माझ्याकडे, पेटी तर केव्हाच देऊन टाकली.

वडील आडाजवळ उभे होते. ते तिथूनच बोलले, माझ्याकडे न बघता.

"खिशातला काढ की."

माझा हात कोटाच्या आतल्या खिशावर गेला.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "तू आणलास त्याच दिशी ठावं हुतं. ऐतवारी मी भिताडाकडं तोंड करून पडायचो ते काय झोप येत हुती म्हणून व्हय? म्हटलं, पोरास्नी काढायचा तर काढू द्यात. मी बघत न्हाय म्हटल्यावर काढतीली."

त्यांच्या आवाजात कसलाही राग नव्हता. मलाच राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. ते एक शब्द बोलले असते तर! पण सासऱ्याने सुनेच्या फोटोबद्दल मुलाशी बोलायचे कसे? त्यांच्या रीतीत त्यांना जेवढे करता येत होते तेवढे त्यांनी केले होते. भिंतीकडे तोंड करून पडले होते. आणि भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला जाग येईल म्हणून आम्ही तो चांगला उजेड सोडून माळवदावर चोरासारखे चढलो होतो. वडिलांनी, तिने आणि मी, तिघांनीही एकमेकांची लाज राखली. त्या लाज राखण्यात ती निघून गेली.

मी कोटातून कॅमेरा काढला. फळी उघडली, भाता पुढे ओढला. मास्तर फोटो काढताहेत म्हटल्यावर गर्दी आपोआप मागे सरली. बायकांनी वाट दिली. आई बाजूला झाली. वडिलांनी दोघातिघांना हाताने दूर केले, कोणाची सावली पडू नये म्हणून. ऊन चांगले वर आले होते. माझ्यात आणि तिच्यात कोणी उरले नाही.

मी खाली त्या बारीक काचेत बघितले. हिरव्या रंगाचा एक ठिपका दिसला. मग मान वर करून सरळ तिच्याकडे बघू लागलो. वडील समोर, आई समोर, सगळी गल्ली समोर, आणि मी भर दिवसा माझ्या बायकोच्या तोंडाकडे हवे तितके बघत होतो, आणि त्यात गैर आहे असे एकालाही वाटत नव्हते. उलट सगळे माझ्यासाठी थांबले होते. कोणी खोकले नाही. मी कपाळापासून हनुवटीपर्यंत बघत गेलो आणि पुन्हा वरून सुरुवात केली. माझे बोट खटक्यावर होते. ते मी दाबले नाही.

बऱ्याच वेळाने वडिलांनी हळूच विचारले, "झालं?"

"झालं," मी म्हटले.

मग माणसांनी तिला उचलले.